निळ्या फुलांची ताटली

५ जून १९८२, शनिवार

सूनबाईचं म्हणणं असं की केसरने रोज पानभर मराठी लिहावं, नाहीतर इंग्रजी शाळेत पोरीचं मराठी पुसून जाईल. केसरचं म्हणणं, लिहायला काही सुचत नाही. मला सुचतं, पण लिहिता येत नाही. तेव्हा तोंड आजीचं आणि हात नातीचा, असा सौदा ठरला. मी हौसाबाई, कराडच्या बाजूची, वय पासष्टीच्या पुढे कुठेतरी, सही म्हणाल तर डाव्या हाताचा अंगठा. सांगेन तेच लिहायचं, मधे आपली अक्कल घालायची नाही, असं केसरला बजावलंय. तिने मान हलवलीय. दहा वर्षांच्या पोरीची मान हलते तेव्हा डोकं भलतीकडेच असतं, हे मला ठाऊक आहे.

परवा गुरुवारी विमानाने दोह्याला उतरले. शेजारी सांगलीकडचा एक गवंडी होता, त्याने माझा फॉर्म भरला आणि मी अंगठा उठवला. आजी कतारला कशाला निघाल्या, असं त्याने विचारलं. मुकादम म्हणून, असं मी सांगितलं. बिचारा उतरेपर्यंत नीट बसून होता.

मच्छिंद्र, माझा मुलगा, बंदरावर क्रेन चालवतो. कंपनीने त्याला अल सद्दमध्ये घर दिलंय. घर छान आहे. भिंतीत एक यंत्र दिवसभर घुरघुरतं आणि घरात पौषातली थंडी पाडतं. बाहेर तवा, आत माठ. हॉल तर एवढा लांब की आमच्याकडे तेवढ्यात लग्न उरकलं असतं.

या हॉलच्या भिंतीवर एक भलामोठा नकाशा चिकटवलेला आहे. आमच्या आधी इथे पोर्तुगालचा एक इंजिनियर आणि त्याची बायको राहायची. त्यांच्या गावाचा, लिस्बनचा, तो नकाशा. जाताना ते सगळं मागे टाकून गेले. मच्छिंद्रने खरवडून पाहिलं तर भिंतीचा गिलावाच निघू लागला, म्हणून राहू दिला. मला आवडला. नुसत्या रेघा नाहीत, चित्रं आहेत. एकेक घर, एकेक जिना, खिडकीत वाळत घातलेले कपडे, हातभर लांब नदी, टेकडीवर किल्ला. अक्षरं येत नसली तरी घर आणि जिना मला वाचता येतो.

११ जून, शुक्रवार

डॉक्टरने रक्त काढलं आणि साखर वाढलीय म्हणाला. रोज तासभर चालायचं. बाहेर चालायला गेले तर पाच मिनिटांत चप्पल डांबराला चिकटली. तेव्हा हॉलमध्येच येरझाऱ्या सुरू केल्या. पिंजऱ्यातल्या वाघासारखी, असं मच्छिंद्र म्हणाला. वाघ नव्हे, वाघीण म्हण, असं मी सुनावलं.

केसरने यावर खेळ काढला. हॉलची एक फेरी म्हणजे नकाशावर एक बोट रस्ता. तिच्या आईच्या शिवणाच्या डब्यात रंगीत डोक्यांच्या टाचण्या आहेत, त्यातली लाल टाचणी मी. नदीकाठच्या मोठ्या चौकातून निघायचं आणि किल्ल्यापर्यंत पोचायचं. म्हणजे कराडच्या बाहेर कधी न पडलेली हौसाबाई आता युरोपातली राजधानी पायी बघणार. केसर नावं वाचून दाखवते, ती माझ्या तोंडात बसत नाहीत, म्हणून मी माझी ठेवलीत. चौक म्हणजे बाजारतळ. ट्रामची ती आगगाडीची गल्ली. टेकडी चढणारा दगडी जिना तो कृष्णेचा घाट.

सूनबाईने घरातला गूळ कुलपात ठेवलाय. माझ्या कनवटीला मात्र एक खडा असतोच, तो गेली चाळीस वर्षं असतो. हे लिहू नकोस म्हटलं होतं. लिहिलंसच ना?

१९ जून, शनिवार

आता मी डोळे मिटून चालते. केसर सांगते, उजवीकडे चर्च आलं, आता डावीकडे वळ, आता घाट. आणि गंमत बघा, घाट आला म्हटलं की माझे गुडघे खरंच कुरकुरतात. काल सपाट फरशीवर मला धाप लागली. तळव्यांना दगडाचा गारवा लागतो. मासे भाजल्याचा वास येतो. सूनबाईने तर आठवडाभर मासे आणलेले नाहीत. खाली राहणाऱ्या ताहेरुन्निसाच्या घरचा असेल, असं आम्ही ठरवलं.

ही ताहेरुन्निसा रत्नागिरीची, माझ्याच वयाची. एवढं लांब नाव हाक मारेपर्यंत माणूस जिना उतरून जाईल, म्हणून मी तिला ताहेरा म्हणते. माझी लिस्बनची यात्रा ऐकून ती हसून हसून डोळे पुसत होती. येताना माझ्यासाठी चार वार कापड आण, म्हणाली. तिची सून बिलकिस मराठी शाळेत शिकलेली, तिचं अक्षर मोत्यासारखं आहे असं केसर सांगते.

एकच खोड लागलीय. बसवत नाही. केसर शाळेत असली तरी पाय आपले उठतात. भाजी निवडायला बसले की पाचव्या शेंगेला मी हॉलमध्ये असते. आज लाल टाचणी आम्ही ठेवली होती त्याच्या दोन गल्ल्या पुढे दिसली. तू एकटीच पुढे गेलीस, म्हणून केसर फुगली. गेले असेन. आठवत नाही.

२६ जून, शनिवार

रमजान सुरू झालाय. संध्याकाळी रोजा सुटायच्या आधी जिन्यावर नुसती भांड्यांची वर्दळ. ताहेराकडून कधी खजूर, कधी भजी, कधी खिरीचा डबा येतो. आमच्याकडून थालीपीठ, नाहीतर लाडू जातात. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तिच्याकडे आणि आमच्याकडे सारखंच. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालावी. मी सासरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारणीची वाटी रिकामी परत दिली होती, तर सासूबाई तीन दिवस बोलल्या नव्हत्या. त्यानंतर आजपर्यंत माझ्या हातून कोणाचं भांडं रिकामं गेलेलं नाही.

आज दुपारी नकाशाखालच्या मेजावर चिनी मातीची ताटली झाकून ठेवलेली होती. पांढरी, कडेने निळी फुलं. आत अंडं आणि साय भरलेली गोड पुरी, वरून थोडी करपलेली. ताहेराने नवीन काही शिकलेलं दिसतंय. मी अर्धी खाल्ली, साखर वाढली तर वाढू दे. ताटली धुतली, मूठभर साखर घातली आणि केसर खाली नेईल म्हणून मेजावरच ठेवली. थोड्या वेळाने बघितलं तर नव्हती.

३० जून, बुधवार

ताटली परत आली. लिंबं होती, देठापानांसकट, पानांवर पाण्याचे थेंब. या वाळवंटात भर उन्हाळ्यात असली लिंबं कोणाच्या दारात पिकतात? मच्छिंद्र म्हणाला, सगळं विमानाने येतं, आई. आलं असेल. मी गावाहून आणलेले शेंगदाण्याचे चार लाडू ताटलीत ठेवले. ताहेराला दात नाहीत, तिने चोखत बसावं.

आज चालताना घाटाच्या मध्यावर पोचले. डाव्या हाताला एक दार आहे. दार हिरवं आहे, हे मला केसरने सांगितलेलं नाही.

४ जुलै, रविवार

ताहेरा वर आली होती. लाडू कसे लागले, विचारलं. कुठले लाडू, म्हणाली. गोड पुरी तिने केली नव्हती, लिंबं पाठवली नव्हती. तिच्या प्रत्येक भांड्यावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं असतं, तसं माझ्याही. मला वाचता येत नाही, पण बोटाला नाव कळतं. त्या ताटलीची पाठ गुळगुळीत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

केसरला विचारलं. तिने एकदाही ताटली खाली नेलेली नाही.

मग ताहेराने इंजिनियरच्या बायकोची गोष्ट काढली. तीसुद्धा दिवसभर हॉलमध्ये चालायची, खाली पावलं ऐकू यायची. मग एक दिवस पावलं थांबली. साहेब दारोदार विचारत फिरत होता की तिला बाहेर जाताना कोणी पाहिलं का. कोणीच पाहिलं नव्हतं.

ताहेरा गेल्यावर मी नकाशाला नाक लावून बघत राहिले. घाटाच्या मध्यावर हिरवं दार आहे. वर खिडकी आहे. खिडकीत, नखाएवढी, पांढरी ताटली. कडेने निळी.

केसर, आता पुरे. वही मिट.

८ जुलै, गुरुवार

आज बिलकिस लिहिते आहे. हे केसरच्या हाताने लिहवून घ्यायचं नाही.

ताटली आली. आत लहान मुलीच्या पायातला चांदीचा वाळा होता, एकच. त्याला तांब्याचा सांधा आहे. गावच्या सोनाराकडे त्या दिवशी चांदी नव्हती, म्हणून त्याने तांबं लावलं होतं. मी त्याच्याशी भांडले होते. असा वाळा जगात दुसरा नाही.

माझी थोरली मुलगी तानू. मच्छिंद्रच्या आधीची. सहा वर्षांची होती तेव्हा तापाने गेली. ओढ्याकाठी पुरली. लोक वाळे काढायला आले, मी काढू दिले नाहीत. पायातच राहिले.

ताप चढला तेव्हा ती गूळ मागत होती. वैद्याने नको म्हटलं होतं. मी दिला नाही. रात्रभर मागत होती. तेव्हापासून माझ्या कनवटीला गूळ असतो, बिलकिस. मी खायचा म्हणून नसतो.

वाळा मी ठेवून घेतला. आता ताटलीत काय घालू? साखरेला लिंबं आली, लाडवांना वाळा आला. याच्या तोलाचं माझ्या घरात काय आहे?

घरात एकच आहे. मी ते नाव घेणार नाही.

११ जुलै, रविवार

नकाशावर दुसरी टाचणी आहे. पिवळी. बाजारतळापाशी.

केसरला विचारलं. मी पण चालते, म्हणाली. शाळेला सुट्टी आहे, तू झोपतेस तेव्हा चालते. डोळे मिटून. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. या घरात आल्यापासून पहिला.

टाचण्या काढल्या, डबा कुलपात ठेवला. चहा पिऊन आले तर दोन्ही परत जागेवर. पिवळी आगगाडीच्या गल्लीत.

१३ जुलै, मंगळवार

केसर म्हणते तिथे एक मुलगी आहे. एका पायात वाळा, एक पाय मोकळा. तिला इंग्रजी येत नाही, पोर्तुगीज येत नाही. आजीसारखं बोलते, म्हणते.

काय बोलते, विचारलं.

केसरने सांगितलं ते तसंच लिही, बिलकिस.

"आईला म्हणावं, ताटली कधी देतेस? नाहीतर तू ये."

१४ जुलै, बुधवार

मच्छिंद्रला सांगितलं. तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. सुट्टीत भिंतीला रंग देतो, म्हणाला. सुट्टी महिन्याने आहे. केसर खाली ताहेराकडे झोपते. तिथेही दुपारी हॉलमध्ये चालत होती, डोळे मिटून. ताहेराने धरून बसवली. बसेना. पाय हलतच होते, म्हणाली.

ताटली कचऱ्याच्या पिंपात टाकली. मेजावर आली, धुतलेली.

पिवळी टाचणी घाटाच्या पायथ्याशी.

माझेही पाय — हे सांगताना मी बसलेली नाही. बिलकिस लिहिते आहे आणि मी फिरते आहे.

१५ जुलै, गुरुवार

ताहेराने वाट सांगितली. तिला माझ्यासारखं घोळवत बसता येत नाही. हौसाबाय, म्हणाली, तू दर वेळी भरून दिलीस म्हणून दर वेळी आली. "आता रिकामी दे."

ऐकून माझ्या अंगावर काटा आला. भुतांचा आला नव्हता तेवढा. रिकामी? लेकीच्या दारात?

पण ती खरं बोलते. रिकामं भांडं दिलं की येणंजाणं संपतं. सासूबाईंचा राग त्याचाच होता. काही घातलं, साखरेचा दाणा जरी घातला, तर देवाणघेवाण चालू. मग त्यांची पाळी. आणि वाळ्याचा तोल अजून माझ्याकडून बाकी आहे.

रिकामी दिली की तानू पुन्हा कधी येणार नाही. पुरीतून नाही, लिंबातून नाही. हे मला कळतं. केसर मात्र राहील.

ठरलं. उद्या.

पिवळी टाचणी हिरव्या दारापासून चार बोटं.

१६ जुलै, शुक्रवार

मच्छिंद्र आणि सूनबाई बाजारात गेलेत. केसर खाली, ताहेराने तिला मांडीवर घट्ट धरलंय. बिलकिस मेजाशी बसलीय. मी बोलेन ते सगळं लिहायचं, थांबायचं नाही, असं तिला सांगितलंय. म्हणजे मी कुठवर पोचले ते कळेल.

ताटली हातात आहे. दोनदा पुसली. रिकामी आहे. बिलकिसला दाखवली.

वाळा कनवटीला बांधलाय. तो परत करणार नाही. लेकीची एवढी एक वस्तू मी ठेवणार.

डोळे मिटले. निघाले.

बाजारतळ. वारा आहे. नदीचा वास.

आगगाडीची गल्ली. रूळ पायाला लागतात. लोक आहेत, बघत नाहीत.

घाट. पायऱ्या झिजलेल्या, मधे खोलगट. धाप लागते — लिही, धाप लागते असं लिही. वरच्या खिडकीत एक बाई आहे, गोरी, केस मोकळे. चालून चालून पाय सुजलेत तिचे. मला मान हलवून नको म्हणते. काय नको? येऊ नको, की जाऊ नको —

पिवळी टाचणी कुठे आहे, बघ. दारापासून एक बोट? बरं. लवकर जाते.

हिरवं दार. मी वाजवलं नाही. उघडलं.

तानू आहे.

तेवढीच आहे. तोच परकर. एक पाय मोकळा. मोठी नाही झाली ग — चाळीस वर्षांत एक बोट नाही वाढली —

ताटली पुढे केली. दोन्ही हातांनी घेतली तिने. आत बघते.

अजून बघते. बोटाने चाचपते, कडेपर्यंत.

वर बघते.

"आई, गूळ नाही आणलास?"

बिलकिस, माझा हात धर. कनवटीकडे जातो. धर म्हणते ना — लिहीत काय बसलीस —

ओठ सुकलेत तिचे. तसेच, त्या रात्रीसारखे. वैद्याचं ऐकलं मी तेव्हा. रात्रभर — आता ताहेराचं ऐकू? किती वेळा —

टाचणी बघ. पिवळी. हलली का ते — नको, सांगू नकोस, मला सांगू नकोस —

एवढासा खडा आहे ग. नखाएवढा. एवढ्याने काय होतंय. लेकराच्या हातात रिकामी ताटली ठेवून कोणती आई —